पिठातलं लिथियम

मानवजातीच्या इतिहासात काही सकाळी अशा उगवतात, की त्यानंतर जग पहिल्यासारखं राहत नाही. अशाच एका सकाळी आमच्या शेजारच्या घड्याळजींना पार्किन्सनवरचा उपाय सापडला. तो पेपरात सातव्या पानावर, गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीखाली होता.

हात थरथरू लागल्यापासून त्यांच्या बोटांत चिमटा ठरत नव्हता. दोन वर्षं दुकान बंद होतं.

"अगं, लिथियम! पार्किन्सनवर चालेल म्हणे! अन् माझा खण भरलाय त्याने!"

खणात घड्याळांचे बटणाएवढे सेल होते. बायकोने खणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस कधी काय करील याचा नेम नाही, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. ते आंघोळीला जाताच तिने घरातला सेल न् सेल पिठाच्या डब्यात पुरला. खणातले, रिमोटचे, भिंतीवरच्या सहा घड्याळांचे, शेवटी स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाचाही.

डॉक्टरीणबाईंची वेळ दहाची होती. सहाही घड्याळं सव्वानऊ दाखवत होती. घरात एवढं एकमत कधी नव्हतं, तरी घड्याळजींना संशय आला नाही. दोघं पाऊण तास उशिरा पोचली.

"काका, सेल गिळायचा नाही हं," बायकोकडून सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गिळतोय कोण? मी गोळी मागतोय!"

"अजून अभ्यास चाललाय. उपयोग होतोच असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. शिवाय मूत्रपिंडांना, थायरॉइडला त्रास होऊ शकतो. मनाने काही घेऊ नका. आहेत त्या गोळ्या वेळेवर घ्या."

"वेळेवर," घड्याळजी बायकोकडे बघत म्हणाले. मग हळूच, "म्हणजे चिमटा काही धरता यायचा नाही?"

"ते आज नाही सांगता येणार, काका."

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. बायकोने त्यांच्यापुढे स्वतःचं घड्याळ, चिमटा आणि पीठ पुसलेला एक सेल ठेवला.

"बंद पडलंय. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

सेल दोनदा उडाला. दुसऱ्यांदा थेट कपाटाखाली गेला. तिने तो वाकून काढला, आणि तिसऱ्या वेळी त्यांचं मनगट खालून नुसतं धरून ठेवलं. सेल बसला. सेकंदकाटा चालू लागला.

दोघं बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. घड्याळजींनी घसा खाकरला. आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार म्हणून बायकोने पदर डोळ्यांशी नेला.

"अगं," ते म्हणाले, "रिमोटचे सेल दे. झटकून दे."