गेटवरच्या माणसाचा आवाज

माझ्या नवऱ्याचा पहिला सिनेमा लागला, तेव्हा मी आमच्या कंपनीच्या शेडमधल्या पंधरा बायांना हौसेने पाहायला नेलं. पडद्यावर हे हवालदाराच्या वेषात आले, तोंड उघडलं आणि आतून भलताच चिरका आवाज आला. बाया फिदीफिदी हसल्या. हे घरी येऊन न जेवता झोपले आणि मला असा संताप आला की बस्स.

मी प्रमिला. आम्ही साक्रीकडचे. ब्याऐंशी साली दोघंही सिल्व्हासाजवळच्या मसाटच्या एका सुताच्या कंपनीत लागलो, सामरवरणीला खोली केली. तेव्हा मुंबईचे सिनेमावाले सिल्व्हासाच्या बागेत, नदीकाठी शूटिंगला यायचे. हिरो-हिरॉईन त्यांचे, पण हवालदार, माळी, नवरीचा मामा असली माणसं इथेच मिळाली तर त्यांना हवीच असायची. आमचे हे, झुंबर बागूल, गावाकडे वगात गाजलेले. दहा वर्षांत अकरा सिनेमे आणि टीव्हीच्या दोन मालिका केल्या. सुट्टीसाठी सुपरवायझरच्या किती विनवण्या केल्या, ते मला विचारा.

पण आवाज एकदाही यांचा नाही. शूटिंगच्या वेळी जनरेटरची घरघर असते, म्हणून बोलणं नंतर मुंबईच्या स्टुडिओत पुन्हा भरतात. मोठ्या नटांना त्यासाठी बोलावतात. सिल्व्हासाच्या हवालदाराला कोण बोलावतंय? तिथला एकच माणूस सगळ्या हवालदारांचे, माळ्यांचे नि मामांचे आवाज उरकून टाकायचा.

त्र्याण्णव साली यांना कारखान्याच्या वॉचमनचं काम मिळालं. मालकाच्या मुलाला गेटवर अडवायचं, चांगली तीन वाक्यं होती. शूटिंग संपलं त्या दिवशी हे म्हणाले, "या खेपेला आवाज माझाच. मी जातो मुंबईले."

"बोलावलंय का?"

"नाही बोलावलं. हाकलतील तव्हा पाहू."

गेले. दारावरच्या माणसाने बाहेर बाकावर बसवलं. सकाळपासून दुपारपर्यंत हे तिथून हलले नाहीत. आत तो नेहमीचा माणूस यांच्याच प्रसंगाशी झटत होता आणि त्याला काही जमत नव्हतं. त्याला कारण आमची शेड. तिथे यंत्रांचा एवढा गोंगाट, की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. म्हणून आम्ही मशीनवरची माणसं बोलताना तोंड मोठं उघडतो, एकेक अक्षर ओठांनी घडवतो. हे कॅमेऱ्यासमोरही तसेच बोलले होते. त्या माणसाचं वाक्य संपायचं, तरी पडद्यावर यांचे ओठ चालूच.

"कापून टाका तो तुकडा," रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला. तेव्हा दारावरच्या माणसाने सांगितलं, की तो वॉचमन बाहेरच बसलाय.

आत नेलं. पडद्यावर स्वतःचेच ओठ मुक्याने हलत होते आणि ते बघून बरोबर त्याच वेळी बोलायचं होतं. यांना त्यात काय अवघड? अकरा वर्षं शेडमध्ये दुसरं काय केलं होतं? पहिल्याच खेपेला तिन्ही वाक्यं चपखल बसली.

रेकॉर्डिस्ट खूश झाला. म्हणाला, "आता त्या कारकुनाचंही तूच बोलून टाक."

कारकून म्हणजे भास्कर गुरव. मूळचे राजापूरचे, सिल्व्हासाच्या सरकारी कचेरीत नोकरीला. त्याच प्रसंगात फाइल घेऊन धावत येतात, एकच वाक्य बोलतात.

"त्याला आवाज आहे," हे म्हणाले. "मी त्याला आणतो."

"एका वाक्यासाठी? रविवारी शेवटचा दिवस आहे. तो आला नाही, नाहीतर येऊन चुकला, तर अख्खा प्रसंग कापीन. तुझा आवाजही गेला."

"चालेल," असं म्हणून हे सरळ घरी आले.

मी भडकले. "दहा वर्षं जीव टाकला, आता कुठे हाती आलं, आणि तुम्ही ते त्या भित्र्या माणसाच्या भरवशावर सोडून आलात?"

"माझा आवाज मी त्याच्या तोंडात घालू? माझ्या तोंडात दुसऱ्याचा घातला तव्हा तूच किती चिडली होती!"

मी पदर खोचला आणि भास्करभावजींना बोलावून घेतलं.

"वहिनी, मला नाय जमायचं हो," ते दारातूनच म्हणाले.

"बसा आधी."

मी समोर बसून मुक्याने ओठ हलवायचे आणि त्यांनी बरोबर त्याच वेळी बोलायचं, "साहब, दस्तखत रह गया." मी कधी भरभर, कधी सावकाश, कधी मध्येच थांबायची. चार दिवस, पाळी सुटल्यावर, हाच उद्योग. वाक्य जुळेपर्यंत मी त्यांना चहा दिला नाही. पहिल्या दिवशी बिचारे तसेच घरी गेले.

रविवारी दोघं मुंबईला गेले. भावजी दोनदा चुकले. रेकॉर्डिस्टने घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या खेपेआधी हे त्यांच्या कानाशी म्हणाले, "समोर प्रमिला बसलीय असं समजा. चुकलं तर चहा नाही." आणि वाक्य बसलं! हे मला भावजींनीच येऊन सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी आलं घालून चहा टाकला.

सहा महिन्यांनी सिनेमा सिल्व्हासाला लागला. प्रसंग ठेवलाय की कापलाय, कोणाला ठाऊक? मध्यंतर झालं तरी गेट काही दिसेना. नंतर एकदाचं गेट दिसलं, मालकाच्या मुलाची गाडी आली, वॉचमनच्या वेषात हे पुढे झाले. मी यांच्याकडे वळून पाहिलं, तर यांनी डोळे गच्च मिटलेले.

"अहो, बघा ना, तुम्ही आलात!"

"गप," हे म्हणाले. "ऐकू दे."