मडकं धरणारा

विस्तव घातलेलं मडकं जिन्याच्या पायरीशी धुमसत होतं आणि आम्ही चौघे त्याच्याकडे न बघण्याची शिकस्त करत होतो.

तिरडी बांधून झाली होती. पोलिसांच्या पासावर पाच माणसं होती. खांदा द्यायला मी, सीताराम, जगदीश आणि दौलत. पाचव्याने मडकं धरून पुढे चालायचं. पण ज्याने मडकं धरलं तो मेलेल्याचा मुलगा ठरतो. अग्नी त्याने द्यायचा, दहा दिवस सुतक त्याने पाळायचं, पिंड त्याने द्यायचे. कोंडीरामाचा मुलगा व्हायला आमच्यातलं कोणी तयार नव्हतं. सीतारामाच्या मुलीचं लग्न ठरलेलं. जगदीशची बायको आजारी. दौलत म्हणे, आपली भावकी वेगळी. आणि माझे वडील गावी जिवंत होते. बाप असलेल्याने परक्याचं मडकं धरू नये. कारणं सगळी खरी होती. माणूस टाळतो तेव्हा कारणं खरीच असतात.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती, गोळीबार झाला होता, परळ-लालबागेत कर्फ्यू होता. चाळीतले निम्मे बाप्ये तुरुंगात, उरलेले दाराआड. कोंडीरामाला जन्मात कधी वेळ साधता आली नाही, ती मरतानाही साधली नाही. गिरणीत छातीत कापूस भरून घेतलेला हा माणूस जिन्याखालच्या खोलीत एकटा राहायचा. बायको-मुलगा मागेच गेले. पुतण्या देवगडला. त्याला एकच धास्ती होती. रोज सुई टोचून घेताना तो इंगाबाईला सांगायचा, "माका बेवारशी म्हणान म्युनसिपालटीच्या गाडयेत घालू नकात."

इंगाबाई ही आमच्या दुसऱ्या मजल्यावरची नॉर्वेची नर्स. नवरा अर्ने; आम्ही त्याला अण्णा करून टाकलं. लग्नाला महिना झाला नसेल तेव्हा दोघं बोटीतून उतरली. मिशनच्या दवाखान्यात ती क्षयाच्या रोग्यांना बघायची आणि हा तिथला बॉयलर आणि पाण्याचा पंप सांभाळायचा. बंगला मिळत असताना ती चाळीत आली, तेव्हा आम्ही म्हटलं, चार दिवसांची हौस. पण तिची सकाळची पाळी असली की हा सहा फुटी गोरा बायकांच्या रांगेत बादल्या घेऊन नळावर उभा. बायका आधी हसल्या, मग आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या. त्याचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडायची ती त्या बादल्यांमुळे. जेवणाआधी दोघं डोळे मिटून प्रार्थना करायची. एकदा तेवढ्यात बोक्याने ताटातला बांगडा पळवला. तेव्हापासून एकाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने बोक्यावर लक्ष ठेवायचं. संध्याकाळी गॅलरीत एकाच पुस्तकावर दोघांची डोकी, बाराखडी गिरवत. सगळ्यांसमोर हातात हात. चाळीतले वडीलधारे तात्या मान फिरवायचे आणि पुन्हा बघायचे.

पास आणला तोही अण्णानेच. पोलीस चौकीवर अर्धा दिवस उभा राहिला आणि पासावर पाचवं नाव त्याचंच लागलं. हात धुऊन तो खाली आला, आम्हाला तिरडीशी उभं पाहिलं, पायरीशी मडकं पाहिलं. त्याला वाटलं, हे विसरले. दोरीच्या शिंक्याला धरून त्याने ते उचललं आणि म्हणाला, "चला."

मी तोंड उघडलं नाही. इंगाबाईला तिसरा महिना आहे आणि पोटुशी बायको असलेल्याने मढ्याच्या कामाला हात लावू नये, हे माझ्या बायकोने, चंपाने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरीही उघडलं नाही.

रिकाम्या रस्त्यावरून आम्ही भोईवाड्याला गेलो. पुढे तो, बुटांत, मडकं अंगापासून लांब धरून. स्मशानात विचारलं, अग्नी कोण देणार? आम्ही चौघांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने लाकडं कशी रचलीत ते नीट पाहिलं, दोन ओंडके हलवून हवेला वाट केली, मग अग्नी दिला. चिता एकदम पेटली. नंतर कितीतरी वेळ तो टोपी काढून उभा होता.

परतल्यावर तात्यांनी निकाल दिला. "ज्येणा मडका धरल्यान, तोच झील. दहावो त्येणाच करूक व्हयो."

अण्णाला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "पिंड मी देणार नाही. तो माझा धर्म नाही. बाकी मुलाचं काम सांगा." तात्या रागावले. पण त्या दिवसापासून त्या दोघांनी चूल पेटवली नाही. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी द्यायची असते. चंपा घेऊन गेली. तिच्याने राहवलं नाही, पोटातल्या बाळाचं भय तिने बोलून दाखवलं. इंगाबाईने भाकरी मोडता मोडता विचारलं, "कोंडीराम माझ्या बाळाचं वाईट का करील, चंपाताई? मी त्याला रोज सुई दिली." चंपा घरी येऊन रडली.

आठव्या दिवशी मिशनचे मुख्य साहेब आले. भला माणूस होता, पण वर उत्तर त्याला द्यायचं होतं. हिंदूंचा अंत्यविधी आपल्या माणसाने केला, हे अजाणता घडलं, चूक झाली, एवढं लिहून द्या. नाहीतर इथे ठेवता येणार नाही, असं सांगून ते गेले. संध्याकाळी अण्णा गॅलरीत कोरा कागद घेऊन बसला होता. मला म्हणाला, "शामराव, चूक कुठे झाली?"

एवढं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं.

"तुमची नाही झाली, अण्णा," मी म्हणालो. "ते मडकं विसरलं नव्हतं. आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. मला बोलता आलं असतं, मी बोललो नाही."

त्याने कोरा कागद गुडघ्यावर सपाट केला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी उचललं नसतं, तर कोंडीराम गाडीत गेला असता?"

"गेला असता बहुतेक."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि लिहायला लागला. काय लिहिलं ते इंगाबाईने दुसऱ्या दिवशी चंपाला सांगितलं. अजाणता उचललं हे खरं, पण कळलं असतं तरी उचललं असतं. खाली दोघांच्या सह्या. त्याने सही केल्यावर तिने काही न विचारता खाली आपलीही केली होती.

त्याच रात्री मी तात्यांना म्हटलं, "पिंड मी देतो."

"तुझो बापूस जिवंत आसा रे."

"असू दे."

दहाव्याला बाणगंगेवर मी डोकं भादरून उघडा बसलो. मागे अण्णा माझा सदरा आणि चष्मा हातात धरून उभा होता, शेजारी इंगाबाई. कावळा लगेच शिवला. तात्या म्हणाले, तुझ्यामुळे. मला तसं वाटत नाही. माझे वडील पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

मार्चमध्ये मिशनने अण्णा-इंगाबाईला लांब कुठल्याशा आडगावी धाडलं. चंपाने इंगाबाईची ओटी भरली. अण्णाने त्या सकाळीही नळावरून दोन बादल्या भरल्या आणि जिन्याखालच्या खोलीत आलेल्या नव्या भाडेकरूंच्या दारात ठेवल्या. पुढे एक पत्र आलं, मुलगी झाल्याचं. नंतर काही कळलं नाही. कळवायचं मलाही सुचलं नाही, ते राहूनच गेलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, साठ साली, कोंडीरामाचा पुतण्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आला. मी त्याला भोईवाड्याला घेऊन गेलो. तिथल्या माणसाने जुनी वही काढली. अग्नी देणाऱ्याच्या नावाशी पुतण्या अडखळला. नात्याच्या रकान्यात गॅलरीत गिरवलेल्या गोल अक्षरांत लिहिलं होतं : शेजारी.

"तेवा चाळीत दुसरो कोण शेजारी नव्हतो?" त्याने विचारलं.

"होते," मी म्हणालो, आणि रकान्यापुढची अण्णाची सही त्याला बोट ठेवून दाखवली.