उजवा रकाना

किल्लीवाल्याने स्वतःच्या घराच्या दाराचं कुलूप काढून पुन्हा खोललं आणि आतल्या पट्ट्या, स्प्रिंगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडल्या. तिसरी वेळ. कुलपात काडीचीही खोट नव्हती. म्हणजे खोट आपल्यातच, हे त्याने नव्याने ठरवून टाकलं.

शेजारी वही उघडी होती. समुपदेशक बाईंनी पानावर उभी रेघ मारून दिली होती. वर विचार लिहायचा, डावीकडे तो खरा ठरवणारे पुरावे, उजवीकडे खोटा ठरवणारे.

"मनात आलं म्हणजे तसंच घडलं, असं नसतं," बाई म्हणाल्या होत्या. "तपासून बघा. कुलूप तपासता तसं."

वर त्याने लिहिलं होतं : मी कुलूप लावायला विसरलो, म्हणून बाबा गेले. डावा रकाना भरला होता. घाईत होतो. फोनवर बोलत होतो. किल्ली फिरवल्याचं आठवत नाही. आणि आठवणार तरी कसं? दिवसाला पन्नास किल्ल्या फिरवणाऱ्या हाताला त्यातली एक कुठून लक्षात राहणार! उजवा रकाना कोरा. स्मृती गेलेले बाबा घराबाहेर पडले आणि चौकात ट्रकखाली सापडले, त्याला आठ महिने झाले होते. लोकांची अडलेली दारं उघडून देणारा हा माणूस तेव्हापासून आतल्या आत घुसमटत होता.

आईने चहा ठेवला. तिची नजर वहीवर गेली.

"पेन दे."

उजव्या रकान्यात तिने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : कुलूप लावलेलं होतं. मी उघडलं.

अडीअडचणीला असावी म्हणून दुसरी किल्ली त्यानेच तिला करून दिली होती.

"तू तर झोपले होते म्हणालीस."

"म्हणाले रे. धीरच झाला नाही. वर्षभर मला 'ओ बाई' म्हणायचे. त्या दिवशी नावाने हाक मारली. म्हणाले, दार उघड, जरा पाय मोकळे करून येतो. मला वाटलं, आले भानावर. मी चप्पल शोधत होते, तेवढ्यात..."

आठ महिने! अगदी त्याच्या ओठांवर आलं. राग आला, फार आला. पण पेन अजून तिच्याच हातात होतं.

त्याने पान उलटलं, पट्टी धरून उभी रेघ मारली आणि वही तिच्याकडे सरकवली.

"वर तुझं लिही."

तिने लिहिलं : मी दार उघडलं, म्हणून हे गेले. पुढे तिला लिहवेना.

मग त्याने वही आपल्याकडे ओढली आणि उजव्या रकान्यात सावकाश लिहिलं : बाबांनी तिला नावाने हाक मारली होती.