कांदळाच्या खाचरातले खेकडे

"तुझे खेकडे नकोत, म्वानाहावा. घाणीतले हायती." हॉटेलचा आचारी माकामे टोपलीला हातसुद्धा लावेना.

"घाण कुणाची रं?" म्वानाहावा उखडली. "माझ्या बापाची? तुमच्याच पाहुण्यांची न्हवं?"

"हळू बोल, माय. ऐकतील."

"ऐकू देत की! हगायचं त्यांनी, नि नाक मुरडायचं आमच्या नावानं?"

हॉटेल आलं तेव्हा त्याचं मैलापाणी थेट खाडीत सुटलं होतं. शिंपल्या मेल्या, पोरांच्या अंगावर खरूज उठली. मग शहरातली शिकलेली माणसं आली. काठाला बांध घालून खाचरं पाडायची, त्यात कांदळ लावायचं नि मैलापाणी त्यातून फिरवायचं ठरलं. लावणार कोण? म्वानाहावाच्या कितोपेनी गावच्या बायका! मांडीभर चिखलात, ओकाऱ्या गिळत म्वानाहावानं कांदळाच्या शेंगा खोवल्या. झाडं माजली. एका तोंडानं काळं पाणी शिरायचं, दुसऱ्या तोंडानं नितळ निघायचं. त्या तोंडापुढच्या खाडीत खेकडे परतले, चांगले पंजाएवढे.

हॉटेलवाल्यानं वर लाकडी पूल बांधला. मॅनेजर त्या पाण्यात हात बुडवून दाखवी, पाहुणे टाळ्या पिटत. टाळ्यांपुरतं पाणी स्वच्छ. त्यातला खेकडा ताटात आला की घाण!

टोपली डोक्यावर घेऊन ती तडक शेजारच्या मबुयुनी गावाला गेली. धाकटा दीर सेफू होडीच्या फटी बुजवत होता.

"भावजी, हे तुमच्या गावचे म्हणून विका."

"वैनी, बांधणीवरनंच वळखंल की त्यो आचारी."

खरंच होतं. कितोपेनीच्या बायका नांग्या कांदळाच्या सालीनं बांधत, मबुयुनीत काथ्यानं. म्वानाहावा खाली बसली नि एकेक साल सोडू लागली. एका खेकड्यानं अंगठा फोडला. रक्त तसंच गळू देत तिनं काथ्या आवळला.

"पोर आपल्या पोटचं, नि आई दुसरीच सांगायची," ती पुटपुटली.

ती हॉटेलच्या कुंपणाआड थांबली, सेफू स्वैपाकघराच्या दारात गेला. माकामेनं एक खेकडा उचलून उन्हात धरला.

"ह्याला म्हणायचं खेकडा! त्या म्वानाहावाला दाव जा. सोच्छ पाण्याचा माल असा असतोय!"

सेफू रिकामी टोपली घेऊन, पोट धरून हसत आला.

"हसू नगा, भावजी," ती म्हणाली. "झाडं आम्ही लावली, पानी झाडांनी निवळलं, नि सोच्छ ठरली तुमची दोरी."

सेफूचं हसू विरलं.

म्वानाहावानं रक्ताळलेला हात पुढं केला.

"अजून काथ्या द्या. उद्याला लागंल."