गाडीवरचा नारळ

अमडापुरात कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी शेषरावांच्या ओट्यावर येऊन बसतो, शोरूमला नंतर जातो. कंपनीने छापलेल्या अ‍ॅव्हरेजवर शेषरावांचा काडीचा विश्वास नाही. त्यांची रीत ठरलेली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी दिवसभर हिंडवायची, परत त्याच पंपावर येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, आणि मगच तोंड उघडायचं. पंपावरची पोरं त्यांना लांबून पाहिलं तरी कपाळाला हात लावतात, कारण शेवटचा थेंब आत जाईपर्यंत म्हातारा नळी काढू देत नाही. पण एकदा त्यांच्या तोंडून आकडा निघाला की लोक डोळे झाकून गाडी घेतात. एवढी पत कमवायला शेषरावांची सगळी उमर गेली. घालवायला एक रविवार पुरला.

झालं असं, की यंदा त्यांच्याच घरी गाडी घ्यायचं ठरलं. दुसऱ्यांना सल्ला देणं सोपं असतं. स्वतःच्या घरात चार तोंडं आणि चार गाड्या. बायको तानुबाईंचं म्हणणं एवढंच, की पायरी ठेंगणी असावी, गुडघे वाकत नाहीत. धाकटा गोकुळ शेती पाहतो. त्याने एक लहानशी गाडी हेरून ठेवली होती. पाच माणसं नीट बसतात, पेट्रोल कमी पिते, आईला चढता येतं. थोरला दीपक मात्र हायस्कुलात मास्तर. त्याच्या स्टाफरूममध्ये गाड्यांच्या गप्पा चालतात आणि लहान गाडी म्हटली की लोक हसतात म्हणे. त्याला सात सीटांची, उंच, काळी कुळकुळीत गाडी हवी होती. त्याची मुलगी छकुली बापाच्याच बाजूची, कारण त्या गाडीला वरती उघडणारं काचेचं झाकण होतं.

"तिले वरून डोकं काढाचं हाये म्हनून आपन सात सीटा घ्याच्या का बे?" शेषराव म्हणाले.

"बाबा, चालवून तं पाहा. तुमच्या रीतीनं पाहा. अ‍ॅव्हरेज नाई निघालं तं मी पुन्हा नाव नाई काढनार."

रीतीचं नाव काढलं की शेषराव विरघळतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक. चिखलीच्या शोरूममधला आसिम हा दीपकच्या ओळखीचा. त्याने रविवारी दिवसभर टेस्ट ड्राइव्हची गाडी द्यायचं कबूल केलं, फक्त नियमाप्रमाणे तो स्वतः बरोबर राहणार होता. आणि नेमकं त्याच रविवारी गोकुळसाठी मुलगी पाहायला धामणगाव बढ्याला जायचं होतं. नेमकं म्हणजे कसं, ते दीपकलाच विचारा.

गोकुळच्या लग्नाचं दुखणं घरात सगळ्यांनाच होतं. मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा, विहिरीला पाणी, संत्र्याची बाग. पण 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'शेती' हे उत्तर ऐकलं की पलीकडून आवाज पडायचा. आधी बायोडाटा मागून घेणारे नंतर फोन उचलत नसत. तानुबाई देवापुढे दिवा लावताना काय मागतात ते आता मोठ्याने बोलायच्या. धामणगावच्या नारायणरावांनी मात्र स्वतःहून बोलावणं धाडलं होतं. आपल्याकडे आधी पुरुष माणसं जातात, जमण्यासारखं असलं तर मग बाया. म्हणून तानुबाई घरीच राहणार होत्या.

"दोन्ही कामं एकाच फेरीत होते," दीपक म्हणाला. "तुमचं अ‍ॅव्हरेजबी निघते, घाटबी लागते रस्त्यात. अन् दारात अशी गाडी उभी राह्यली का पुढच्यानं काय समजाचं ते समजो. आपन थोडीच खोटं बोलून राह्यलो? आपन काईच बोलाचं नाई."

शेषरावांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "टाकी फुल करून घे." त्यांची संमती ती एवढीच. पण त्यांनी ती दिली, आणि का दिली हेही त्यांना आतून कळत होतं. गोकुळ खाली मान घालून चपला शोधत राहिला.

गाडीच्या दारांवरच्या 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेल्या पट्ट्या चुंबकाच्या होत्या, त्या आसिमने नाखुशीनेच काढून डिकीत टाकल्या. मागच्या काचेवरची अक्षरं मात्र चिकटवलेली. ती निघेनात. दीपकने बसस्टँडजवळून झेंडूचा जाड हार घेतला आणि अक्षरांवरून आडवा बांधला. गाडी एकदम नवरीसारखी दिसायला लागली. इथेच सगळा घोटाळा झाला.

बुलढाणा ओलांडून राजूरचा घाट लागला. शेषरावांची नजर रस्त्यावर नव्हतीच, ती काट्यावर होती. घाट उतरताना गाडी काही पीत नाही, तरी काटा आपला खाली. मोताळ्यापर्यंत त्यांना अंदाज आला. गाडी दिसायला सुरेख, बसायला पलंग, पण पिण्याच्या बाबतीत अगदी बेताल. त्यांनी आसिमकडे पाहिलं. आसिमने खिडकीबाहेर पाहिलं.

धामणगावात नारायणरावांच्या दारात गाडी थांबली, तसे शेजारपाजारचे गोळा झाले. नारायणराव कापसाचे व्यापारी, घरची शेतीही बरी. त्यांनी हात जोडले, पाणी दिलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई हातात ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात निरांजन, हळदकुंकू, शाल आणि एक नारळ. त्यांची नजर झेंडूच्या हारावर गेली आणि चेहरा उजळला.

"अगं बाई, नवी कोरी गाडी! पहिल्यांदा आमच्याच दारात आनली? मंग अशी कशी येऊ देऊ घरात?"

नवं वाहन दारात आलं की त्याला ओवाळल्याशिवाय राहायचं नाही, ही आपली रीतच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. रुक्मिणीबाईंनी कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चारी चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं. दीपक कौतुकाने फोटो काढत होता. मग त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि शेषरावांच्या पुढे धरला.

"घरच्या कर्त्या मानसानं फोडावं."

शेषरावांनी नारळ हातात घेतला. आता बोलावं, असं त्यांना वाटलं. बोललेही असते, पण समोर गोकुळ उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेजारच्या बाया त्याच्याकडे पाहून आपसांत माना हलवत होत्या. चांगल्या अर्थाने. किती दिवसांनी कुणी या पोराकडे तसं पाहत होतं. शेषरावांनी डोळे मिटले आणि दुसऱ्याच्या गाडीपुढे, देवाचं नाव घेऊन, नारळ फोडला. पाणी त्यांच्या धोतरावर उडालं. ज्या हाताने सत्यनारायण पुजला त्या हाताने आपण हे काय केलं, असं त्यांना झालं.

"हे कोन?" नारायणरावांनी आसिमकडे पाहून विचारलं.

"ड्रायव्हर," दीपक म्हणाला.

आसिम बाहेरच थांबला. त्याचा चहा बाहेर कडुनिंबाखाली गेला.

आत बैठक झाली. निशिगंधा पोहे घेऊन आली. मुलगी मोकळी होती, कृषी पदविका झालेली. तिने गोकुळला विचारलं, "संत्र्याले ठिबक केलं का तुमी?" गोकुळ एवढा खुलला, की झाडांच्या डिंक्या रोगापासून पार बहरासाठी पाणी तोडण्यापर्यंत बोलत सुटला. ती ऐकत होती, मधेच त्याची चूक काढत होती. दोघांचं जमलं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शेषरावांना एकीकडे आनंद होत होता आणि एकीकडे नजर सारखी दारातल्या गाडीकडे जात होती.

तेवढ्यात नारायणराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "शेषरावभाऊ, एक बरं झालं. आमच्याही घरी गाडीचं चालून राह्यलं. बायको म्हनते लहान घ्या, पोरगा म्हनते मोठी घ्या. तुमचं नाव आमी इकडंही ऐकून हावो. तुमी सोता पारखून ही घेतली म्हनल्यावर आता पाहाचं काय? उद्याच बुक करतो, हेच मॉडेल."

दीपकने हसून मान डोलावली. शेषरावांनी पोह्याची ताटली खाली ठेवली.

न बोलणं म्हणजे खोटं नाही, हे त्यांनी सकाळपासून स्वतःला समजावलं होतं. पण आता न बोलून एका भल्या माणसाच्या गळ्यात ती गाडी पडणार होती, आणि तीही त्यांच्या नावावर. असं उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"घेऊ नका," ते म्हणाले.

"काऊन? अ‍ॅव्हरेज कमी देते का?"

"लय पेते. घाट उतरतानाही पेते." मग त्यांचा आवाज बसला. "अन् नारायणराव... थे गाडी माही नाई. शोरूमची हाये, पाहाले आनलेली. हारामांगं लिहेल हाये. बाहीर चहा पेऊन राह्यला थो मानूसही माहा ड्रायव्हर नाई, शोरूमचा साहेब हाये थो. मी चुकलो."

दीपकचा चेहरा पांढरा पडला. निशिगंधाने रिकाम्या कपांचा ट्रे उचलला आणि ती आत गेली. जाताना तिने गोकुळकडे पाहिलं नाही. गोकुळ तिच्या पाठीकडे पाहत राहिला. कुणी ओरडलं असतं, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. नारायणरावांनी फक्त आसिमला आत बोलावून खुर्ची दिली.

मग ते अगदी हळू बोलले. "शेषरावभाऊ, आमी अमडापुरात चौकशी केली होती. जो भेटला थो एकच बोलला, का त्या घरात खोटं चालत नाई. म्हनून तं शेती करनारा पोरगा हाये हे ऐकूनही पोरगी हो म्हनाली. आज नुसतं पाहाले बोलावलं नव्हतं तुमाले. शाल-नारळ गोकुळच्या हातात द्याचा, बोलनं पक्कं कराचं, असं घरात ठरलं होतं."

शेषरावांनी वर पाहिलं.

"थो नारळ तं गाडीवर फुटला," नारायणराव म्हणाले. "अन् घरात दुसरा नाई."

येताना कोपऱ्यावर किराणा दुकान लागलं होतं. त्याच्या दारात नारळांचं पोतं उघडं ठेवलेलं शेषरावांनी स्वतः पाहिलं होतं. ते नारायणरावांनाही माहीत होतं. शेषराव उठले, हात जोडले आणि चपला घालायला लागले.

निघताना रुक्मिणीबाई बाहेर आल्या. फुटलेल्या नारळाच्या दोन्ही वाट्या त्यांनी पिशवीत घालून शेषरावांच्या हातात दिल्या. "परसाद हाये, ठेवून जाऊ नाई," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

परतीला गाडी घाट चढली. वर आल्यावर गोकुळ म्हणाला, "मी मोटरसायकलवर गेलो असतो तं बरं झालं असतं." दीपकने गाडी चालवता चालवता डोळे पुसले. त्याला शिव्या द्यायची माझी फार इच्छा आहे, पण भावासाठीच मेला धडपडत होता, हेही खरं.

चिखलीला पंप आला. पोरं नळी घेऊन तयारच होती. शेषराव म्हणाले, "नाई. आज आकडा नाई काढत." शोरूमच्या दारात आसिमने पट्ट्या परत लावल्या, हार सोडला. शेषरावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन माफी मागितली. आसिम म्हणाला, "जाऊ द्या काका, होते असं." बॉनेटवरचं स्वस्तिक पुसायला त्याने फडकं काढलं, पण शेषरावांसमोर पुसलं नाही, ते वळेपर्यंत थांबला.

अमडापूरच्या बसमधून उतरून तिघं घराकडे आले तेव्हा तानुबाई ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांची नजर आधी माणसांच्या तोंडाकडे जायला हवी होती. ती पिशवीकडे गेली. मुलगी पाहायला गेलेली माणसं नारळ घेऊन आली की त्याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो.

"नारळ देला त्याइनं? जमलं म्हना की!" गुडघ्यांवर हात देत त्या उठल्यासुद्धा. "छकुले, साखर आन वं आतून! गोकुळ, अठी ये, माह्या राजा."

गोकुळ सरळ आत निघून गेला. तानुबाईंनी पिशवीत हात घातला, चाचपला, आणि एक वाटी बाहेर काढली.

"फोडला काऊन हा?" त्यांनी विचारलं. "पोराच्या हातातला नारळ कोनी फोडते का?"

शेषरावांना मान वर करता येईना. "मीच फोडला," ते म्हणाले. "गाडीवर."

"गाडीवर?" तानुबाईंनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कोनाच्या गाडीवर?"