महिपतच्या हातचे पाणी

सन एकोणीसशे बावीसच्या सुमारास रत्नागिरीच्या एका इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, महिपत हा नोकर होता. त्या काळी रोग्याची शुश्रूषा अर्धीअधिक नातलगांकडेच असे. तेच पेज आणीत, तेच पाय चेपीत. नर्स एकच, एस्तरबाई. ती मिरजेहून शिकून आलेली, कामास वाघीण. परंतु ख्रिस्ती असल्यामुळे तिच्या हातचे पाणी कोणी घेईना. महिपत कुणब्याचा. त्याच्या हातचे सर्वांस चाले. सबब तिने औषध मोजावे आणि त्याने पाजावे, अशी वॉर्डाची रीतच पडून गेली. आणि त्या रीतीचा महिपतास, खरे सांगावयाचे तर, थोडा गर्वही चढला होता.

एके दिवशी सावर्ड्याचे दुकानदार आप्पा यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. आतड्यास पीळ पडला होता. दुपारी ते शुद्धीवर आले. एस्तरबाईने ओला कापूस त्यांच्या ओठांस लावू पाहिला, तो त्यांनी फटकन् उडवून दिला. इतक्यात बायकांच्या वॉर्डात एक बाळंतीण अडली. तिकडे जाताना बाई बजावून गेली, "महिपतदादा, उद्यापर्यंत यांना पाण्याचा घोट नाही. नुसते ओठ ओले करा. ध्यानात ठेवा हं."

आप्पांचा मुलगा जेवायला बाहेर गेला होता. बाईची पाठ वळताच आप्पा कण्हत म्हणाले, "अरे मेल्या महिपता, घशाचा कोळसा झाला माझ्या! कापूस उडवला म्हणून सूड घेतेय ती. तुझ्या हातचं घोटभर दे."

"बाई नको म्हणाल्यात, आप्पा."

"म्हणजे कुणब्याच्या पोरानं आता तिच्या ओंजळीनं पाणी प्यायचं काय?"

हे बोल महिपतच्या जिव्हारी लागले. बाईच्या मनात राग असेलच, असे त्यास वाटले. त्याने तांब्या आणला आणि आप्पांनी तो घटाघटा रिता केला.

घटकाभराने उलट्या सुरू झाल्या, टाके उसवले. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. "पाणी कोणी दिले?" असे डॉक्टरसाहेबांनी विचारले, तेव्हा महिपत फरशीकडे पाहत उभा राहिला. आप्पांचा मुलगा म्हणाला, "ती नर्सबाई जाग्यावर नव्हतीच." तेवढे पुरले. एस्तरबाईची नोकरी गेली.

तेरा वर्षे लोटली. शिकलेल्या नर्सा आल्या, खाटेशी तापाचे तक्ते लागले, ठरल्या वेळेखेरीज नातलगांस मज्जाव झाला. पाण्याची ती रीतही हळूहळू सुटली. सुटला नव्हता तो महिपतच्या मनातला तांब्या.

आणि पस्तीस साली, मधली वर्षे मिरजेच्या इस्पितळात काढून, केस पिकलेली एस्तरबाई त्याच वॉर्डावर मोठी बाई, म्हणजे मुख्य नर्स, होऊन परत आली. पहिल्याच दिवशी एका नव्या रोग्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "याला उद्यापर्यंत पाणी नाही." ती व्हरांड्यात आली तसा महिपत तिच्या मागोमाग गेला.

"बाई, तेव्हा आप्पांना पाणी मी दिलं."

"ठाऊक आहे. खाटेखाली ओला तांब्या होता."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं ऐकलं कोणी असतं? आणि ऐकलं असतं तर तुम्ही गेला असता. उरलेल्या वीस जणांना पाणी कोणी पाजायचं, महिपतदादा?"

महिपतने व्हरांड्यातल्या माठावरचा पेला उचलून तिच्यापुढे धरला. तो म्हणाला, "मीसुद्धा तुमच्या हातचं कधी घेतलं नाही. आज घोटभर द्या."

"माठ तिथे आहे, हातानं घ्या," ती रागावाचून म्हणाली. "मला चौदा नंबरचा ताप बघायचाय."

तो पेला घेऊन उभाच राहिला. इतक्यात एका खाटेवरून हाक आली, "पाणी!" सवयीने तो वळला, तोच तो रोगी म्हणाला, "तुम्ही नको, म्हातारबा. बाईंना बोलवा. किती द्यायचं ते त्यांना कळतं."

महिपतने पेला तसाच माठावर पालथा घातला, टोपी नीट केली, आणि तेरा वर्षे राहून गेलेले उत्तर द्यावयास तो डॉक्टरसाहेबांच्या खोलीकडे चालू लागला.