पाठीवरचा डाग

सहलीचं खूळ आमच्या लेकीचं. बावीस वर्षांत आम्ही दोघांनी लाँड्रीचं शटर सलग दोन दिवस कधी खाली ठेवलं नाही, याचंच तिला वाईट वाटायचं. शेवटी तिनं स्वतःच्या दोन सॅक आमच्या पाठीवर चढवल्या, बंदराच्या शहरातल्या एका हॉस्टेलात दोन रात्रींची जागा धरली आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे नाहीत अशी तंबी देऊन आम्हाला बसमध्ये बसवलं. मी एकोणपन्नासची, आमचे हे चौपन्नचे, त्यात ह्यांचा डावा गुडघा कुरकुरणारा. सॅक घेऊन हिंडायचं वय होतं का ते? पण लेकीपुढे आमचं कधी चाललंय.

उतरलो तेव्हा पाऊस होता आणि तो थांबायचं नाव घेईना. हॉस्टेलातली खोली चौघांची. दोन भिंतींना दोन दुमजली पलंग, मधे हातभर जागा, खिडकीतून धक्क्यावरच्या क्रेन दिसत. आमच्या वाट्याला दोन्ही वरचे पलंग. एका खालच्या पलंगावर कुणीतरी सामान टाकून गेलं होतं, तो माणूस शेवटपर्यंत दिसला नाही. हे शिडीकडे असे बघत उभे राहिले की मला हसू आवरेना. तेवढ्यात दुसऱ्या खालच्या पलंगावरच्या बाई उठल्या. साठीच्या, काटक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी स्वतःची उशी आणि पांघरूण वर टाकलं आणि ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही खाली झोपा. माझे गुडघे अजून शाबूत आहेत." मी तिथल्या तिथे त्यांना मावशी म्हणायला लागले.

मावशी बोलायला कमी. एका कामासाठी आलेय, परवा ते झालं की परत जाणार, एवढंच म्हणाल्या. मी खोदून विचारलं नाही. एरवी मी शर्टाच्या खिशात राहिलेल्या चिठ्ठीवरून गिऱ्हाइकाचं घर कसं चाललंय ते सांगते, पण मावशींपुढे मला भोचकपणा करवेना. एकदाच आयुष्यात तोंड आवरलं आणि तेही नको तिथे.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवासी असल्याचं सोंग करून पाहिलं. दीपगृह धुक्यात गायब, बोटीच्या फेऱ्या पावसामुळे बंद, आणि संग्रहालयात हे नांगर आणि नकाशे सोडून पहारेकऱ्याच्या गणवेशाची इस्त्री बघत बसले. म्हणे, बाही चुकीच्या घडीवर मारलीय. छत्री कुणी धरायची यावरून रस्त्यात आमची जुंपली. खरं सांगायचं तर रिकामपण आम्हाला झेपत नव्हतं. चार हात मोकळे, आणि करायला काही नाही. बारा वाजता चिंब होऊन, एकमेकांशी न बोलता आम्ही हॉस्टेलवर परतलो.

तळमजल्यावर स्वयंपाकघराला लागून कपडे वाळवायची खोली होती. दोऱ्या, हँगर, कोपऱ्यात एक हीटर. तिथे ते जॅकेट टांगलं होतं. केशरी, जाड, जहाजावर काम करणारे घालतात तसलं. सकाळी मावशींनी ते ओल्या पिशवीतून काढून मॅनेजरकडे हँगर मागितला होता, तेवढं मी पाहिलं होतं. आता पाठमोरं दिसलं आणि माझे पाय थबकले. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तेलकट काळपट डाग, कोपरावरही तसाच, आणि कडेला तांबूस रेघ. नवऱ्याचं असेल, मला वाटलं. बिचारीनं घासून पाहिलं असेल, निघाला नसेल.

माझे हात शिवशिवायला लागले. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे आधीच कापड चिमटीत धरून बघत होते.

"निघेल," हे म्हणाले. मग म्हणाले, "पण त्यांना विचारून घे."

"पलंग देताना त्यांनी आपल्याला विचारलं होतं?" मी म्हटलं. "येतील तेव्हा तयार मिळू दे की."

हे माझं वाक्य. ते मी कुणावरही ढकलू शकत नाही.

डाग काढायच्या औषधाची बाटली माझ्या सॅकमध्ये होतीच, ती मी कुठेही नेते. ह्यांनी स्वयंपाकघरातून भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी आणलं, मी टाल्कम पावडर काढली, मॅनेजरकडून चार जुनी फडकी मागून घेतली. आधी पावडर टाकून तेल वर ओढून घ्यायचं. मग डागाखाली फडकं धरून उलट्या बाजूनं थोपटायचं, म्हणजे तेल खालच्या फडक्यात उतरतं. घासायचं ते कडेकडून आत, नाहीतर डाग पसरतो. शिकाऊ माणूस नेमका मधून सुरुवात करतो. हे थोपटत होते, मी ब्रश मारत होते. "डावीकडे अजून आहे." "दिसतंय मला." "दिसतंय तर घ्या ना." दुकानात दिवसभर आम्ही असेच बोलतो. दोन दिवसांत पहिल्यांदा हे हसले, म्हणाले, लेकीला सांगू नकोस, सहल आत्ता कुठे सुरू झाली. मीही हसले. चार वेळा फडकी बदलली, दोन तास लागले. कॉलर धुतली, चेनला मेण लावलं, सुटलेलं एक बटण टाचलं. वाळल्यावर ते जॅकेट दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. ते हँगरला लावून आम्ही दोघं लांबून बघत उभे राहिलो. किती सुखात होतो आम्ही, हे आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते.

मावशी संध्याकाळी सहाला आल्या. आम्ही खोलीत चहा घेत बसलो होतो आणि मी मनातल्या मनात त्यांचं आश्चर्य, मग आभार, मग माझं "अहो त्यात काय एवढं" अशी तालीम करत होते. मावशी आल्या त्या हातात जॅकेट घेऊनच. चेहरा पांढराफटक.

"हे कुणी धुतलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कुणाला बघितलंत का?"

माझं तोंड उघडलं होतं. पण ह्यांनी त्यांचा चेहरा माझ्याआधी वाचला. "नाही हो," हे म्हणाले, "आम्ही दिवसभर बाहेरच होतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

मग त्या बसल्या आणि दोन दिवस न बोललेली बाई बोलायला लागली. जॅकेट मुलाचं. माल वाहणाऱ्या जहाजावर होता. आठ महिन्यांपूर्वी याच बंदरात डेकवरून पाय घसरून खाली मालाच्या कप्प्यात पडला आणि गेला. त्याच्याबरोबरच्या माणसानं मावशींना सांगितलं होतं की क्रेनची नळी आठवडाभर गळत होती, डेकवर तेल होतं, मुलानं दोनदा तक्रारही केली होती. पण तो माणूस दुसऱ्या जहाजावर गेला आणि पुन्हा फोन उचलेना. कंपनीनं लिहून दिलं की डेक कोरडा होता, पोरगा मोबाइल बघत चालला होता, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे पडला. इस्पितळानं मावशींच्या हातात त्याचे कपडे दिले, त्यात हे जॅकेट. आठ महिने त्यांनी त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. अर्जांवर अर्ज केले. शेवटी बंदराच्या कचेरीनं चौकशी लावली, जॅकेट घेऊन या, डाग तपासायला पाठवू म्हणाले. चौकशी उद्या अकरा वाजता होती. फोटो होते, पण फोटोत डाग नुसता ओला दिसत होता, तेलाचा की पाण्याचा ते फोटो सांगत नव्हता. येताना पिशवी भिजली, बुरशी धरू नये म्हणून त्यांनी आज ते सुकायला टांगलं आणि कचेरीचा रस्ता बघून ठेवायला गेल्या.

"माझ्या पोराला बेफिकीर म्हणतात," मावशी म्हणाल्या. "साधी शिडी चढतानाही दोन्ही हात धरणारं पोर ते."

माझ्या हातातला चहा गार झाला. सांग, मी स्वतःला म्हणत होते, आत्ता सांग. पण "नाही" म्हणून मान हलवून झाली होती. डाग पुसल्याचं सांगणं जमलंही असतं, त्या हलवलेल्या मानेचं काय सांगणार होते? मावशी खाली जाऊन मॅनेजरला विचारून आल्या. त्याची पाळी चारला बदलली होती, नव्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. त्या वर चढून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. माझा पलंग समोरच होता. मला डोळा लागला नाही.

सकाळी मावशी साडेआठलाच निघाल्या. जॅकेट घडी घालून छातीशी धरलेलं, वर प्लास्टिक. दार लागलं तशी मी ह्यांच्यावर उखडले. खोटं का बोललात? हे म्हणाले, तू मान का हलवलीस? बरोबरच होतं. मग हे बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसले आणि म्हणाले की आता सांगून डाग परत येणार आहे का, उगाच त्या माउलीला आणखी त्रास, अकराची बस पकडू. मी सॅक उचलली. भित्री मी कमी नव्हते.

बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि माझे हात नाकाशी आले. साबणानं दहादा धुतले होते, तरी नखांच्या कडेला त्या तेलाचा वास होता. कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला आणि मी उठून खाली उतरले. हे मागून ओरडत आले, सॅक, छत्री, गुडघा सगळं सांभाळत. मला वाटलं भांडतील. पण ह्यांनी रिक्षा थांबवली आणि कचेरीचं नाव सांगितलं.

चौकशीची खोली लहानशी होती. टेबलामागे चौकशी अधिकारी, चष्म्यावरून बघणारे, शांत गृहस्थ. एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला मावशी. टेबलावर जॅकेट पसरलेलं, पाठ वर. ट्यूबलाइटखाली ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मला तिकडे बघवेना. शिपाई अडवत होता, मी दारातूनच म्हटलं, "ते मी धुतलंय. आम्ही दोघांनी."

मावशी हलल्याही नाहीत. अधिकाऱ्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. डाग खांद्यापासून कमरेपर्यंत होता, उजव्या कोपरावर होता, म्हणजे माणूस उताणा पडून तेलात घसरला असणार. पाण्याचा डाग पावडरीनं ओढला जात नाही. स्वयंपाकाच्या तेलाला पिवळी कड राहते, याला तांबूस होती, गॅरेजवाल्यांच्या कपड्यांवर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशिनच्या तेलाची अशीच येते. कंपनीच्या माणसानं अगदी नम्रपणे विचारलं की बाई रसायनशास्त्र कुठे शिकल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बावीस वर्षं लोकांची घाण हातानं काढून शिकलेय, तुम्ही आत्ता घातलाय त्या शर्टाच्या कफवर काल काय सांडलं तेही सांगू का? त्यानं हात टेबलाखाली घेतला. अधिकारी हसले नाहीत, पण माझं बोलणं शब्द न् शब्द लिहून घेत होते. मला जरा धीर आला. वाटलं, डाग गेला तरी मी आहे. मी बोलेन त्याच्या वतीनं.

अधिकाऱ्यांनी जॅकेट खिडकीपाशी नेलं, उलटं केलं, शिवणी उकलून पाहिल्या, नाकाशी धरलं. मग परत येऊन बसले. "फार चोख काम केलंत," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. "शिवणीतही काही राहिलेलं नाही. बरं, डाग टिपलेली फडकी कुठे आहेत? तेल त्यात उतरलं म्हणालात. तपासायला फडकंही चाललं असतं."

हे भिंतीपाशी उभे होते, तेच म्हणाले, "हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकली होती. आज सकाळी सातला कचऱ्याची गाडी येऊन गेली. मी खिडकीतून बघितली."

"म्हणजे रात्रभर तिथेच होती," अधिकारी म्हणाले. त्यांनी पेन उचललं. "हे जॅकेट चौकशीसाठी आणलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. माझ्या ओठांवर आलं होतं तेच. मी मावशींकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या, दोन्ही हात मांडीत.

"काल संध्याकाळी," मी म्हटलं. "सहाच्या सुमाराला."

मावशींनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्या चिडल्या नव्हत्या, रडल्याही नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला आपला कपडा दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. क्षमा करा म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

अधिकाऱ्यांनी माझी जबानी कागदांना जोडली. वर एक ओळ लिहून मला वाचून दाखवली की जॅकेटवर तेलाचा किंवा अन्य कोणताही डाग आढळला नाही. हे बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मावशींच्या डोळ्यांदेखत मी त्याच्याखाली सही केली.